चिप बसवलेल्या फॅट प्लेस्टेशन-टूमध्ये हार्डडिस्क कशी बसवावी?

प्रश्न : थोरल्या भावाने २००५ साली घेतलेला फॅट प्लेस्टेशन-टू आमच्याकडे आहे. तेव्हाच त्यात चिप बसवून घेतली होती. आता तो डिस्क वाचत नाही. कधी फिरवतो, कधी नुसतीच टकटक करतो. मुलाला तो चालू करून दाखवायची इच्छा आहे. घरात जुन्या कॉम्प्युटरची ८० जीबीची हार्डडिस्क पडून आहे, आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली १ टीबीची एक आहे. एक दुकानदार म्हणाला की कन्सोल उघडून बोर्डावर वायरी सोल्डर कराव्या लागतील. हे खरं का? आणि दोन्हींपैकी कोणती हार्डडिस्क बसवू? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर :

सोल्डरची काहीही गरज नाही. तुमचा कन्सोल खरोखर फॅट, म्हणजे आधीचा जाडजूड प्रकार, असेल तर तो उघडावाही लागणार नाही. सोनीने हार्डडिस्कसाठी जागा कन्सोलच्या पाठीमागेच ठेवली आहे. पंख्याशेजारचं आयताकृती प्लॅस्टिकचं झाकण काढलं की चौकोनी पोकळी दिसते, तीच ती. साडेतीन इंची हार्डडिस्क त्यात नेमकी मावते. दुकानदाराच्या डोक्यात बहुधा स्लिम, म्हणजे नंतरचा पातळ प्रकार, असावा. स्लिमच्या पहिल्या मालिकेत, म्हणजे ७०००० मध्ये, बोर्डावर हार्डडिस्कच्या जोडणीच्या जागा शिल्लक होत्या आणि काही हौशी लोक तिथे केसासारख्या बारीक वायरी सोल्डर करायचे. ७५००० पासून तीही सोय गेली. फॅटचा आणि या प्रकाराचा संबंध नाही.

तरीही खात्री करून घ्या. कन्सोल उलटा करा आणि स्टिकरवरचा ‘एससीपीएच’पासून सुरू होणारा आकडा वाचा. ३०००० पासून ५०००० च्या मालिकेपर्यंत काहीही असेल तर काम सोपं. १००००, १५००० आणि १८००० हे अगदी सुरुवातीचे जपानी मॉडेल. त्यांना मागे पोकळी नसून कार्ड घालायची फट आहे, त्यात आतली हार्डडिस्क बसत नाही. नाशिकमध्ये असे क्वचितच दिसतात.

त्याच स्टिकरवर आणखी एक गोष्ट बघा, आणि ती प्लग लावायच्या आधी बघा : व्होल्टेज. भावाने कन्सोल इथेच घेतला असेल तर २२०-२४० लिहिलेलं असेल आणि प्रश्न मिटला. पण त्या काळात बरेच कन्सोल अमेरिकेतल्या नाही तर जपानमधल्या नातेवाइकांच्या बॅगेतून आले. फॅटचा पॉवर सप्लाय पोटातच असतो, आणि अमेरिकन मॉडेलचा १२० व्होल्टचा, जपानी १०० व्होल्टचा. आपल्या २३० वर तो थेट लावला की ‘फट्’ असा एकच आवाज होतो. इतकी वर्षं स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर नीट चाललेला कन्सोल घर बदलताना ट्रान्सफॉर्मर हरवला म्हणून थेट भिंतीत खोचलेला माझ्या टेबलावर आला आहे, एकदा नव्हे, चार-पाच वेळा.

आता तुम्हाला विकत घ्यावी लागणारी एकच मोठी वस्तू : नेटवर्क अडॅप्टर. मागच्या पोकळीत सरकवून दोन स्क्रूंनी आवळायचा हा भाग. त्याच्या आतल्या बाजूला दोन सॉकेट असतात, एक ४० पिनांचं आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्क-जोडणीचं, आणि एक चार पिनांचं पॉवरचं. हार्डडिस्क या दोन सॉकेटांत थेट घुसते. मध्ये केबल नाही, वायर नाही. सोनीने स्वतः ४० जीबीची हार्डडिस्क विकली ती याच पद्धतीने बसायची. भारतात हा अडॅप्टर फारसा कुणी घेतला नाही, त्यामुळे एम. जी. रोडला शोधत फिरण्यात वेळ घालवू नका, वापरलेला ऑनलाइन घ्या. मूळ सोनीचा मिळाला तर तोच घ्या. नवे नक्कल अडॅप्टर थेट साटा, म्हणजे आयडीईनंतर आलेल्या नव्या जोडणीच्या, सॉकेटाचे येतात, चालतातही. पण त्यांपैकी बऱ्याचशांना लॅनचं पोर्ट नसतं आणि प्लॅस्टिकच्या मापात कधीकधी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असतो. हा अर्धा मिलिमीटर पुढे किती रडवतो ते सांगतोच.

तुमच्या दोन हार्डडिस्कपैकी ८० जीबीची (ती आयडीई आहे असं धरून सांगतो) तपासून घ्या, पास झाली तर तीच बसवा. डीव्हीआरची बाजूला ठेवा.

कारण सांगतो. डीव्हीआरची हार्डडिस्क साटा आहे, म्हणजे मूळ अडॅप्टरवर ती थेट बसणारच नाही. आतला छोटा बोर्ड बदलावा लागेल. पण खरा आक्षेप तिच्या आयुष्याबद्दल आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून, सोसायट्यांतून निघालेल्या या हार्डडिस्क बाजारात खूप स्वस्त मिळतात आणि ‘फारशी वापरलेली नाही’ असं सांगितलं जातं. डीव्हीआर दिवसरात्र लिहीत असतो. वर्षाला ८,७६० तास होतात. चार वर्षं चाललेली हार्डडिस्क पस्तीस हजार तास फिरून आलेली असते, तीही बहुतेकदा जिन्याखालच्या बंद, तापलेल्या डब्यात. घरचा कॉम्प्युटर दिवसाला तीन-चार तास चालायचा, त्यामुळे तुमची ८० जीबीची वयाने मोठी असली तरी बहुधा कमी थकलेली असेल.

‘बहुधा’ यावर मात्र विसंबू नका. ही तपासणीच या कामाचा गाभा आहे. मी २००४ पासून नाशिकरोडला कॉम्प्युटर आणि कन्सोल दुरुस्त करतो. ‘अडॅप्टर खराब निघाला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कन्सोलांपैकी बहुतेकांचे अडॅप्टर ठणठणीत होते. मरायला टेकलेली हार्डडिस्क, चुकीचा जंपर किंवा ढिली बसलेली जोडणी, या तिघांपैकी एक गुन्हेगार असतो. आणि हे तिन्ही कन्सोलला हात न लावता आधीच पकडता येतात.

हार्डडिस्क एखाद्या जुन्या डेस्कटॉपला थेट आयडीई केबलने जोडा. यूएसबीच्या डबीतून जोडली तर फायली कॉपी होतील, पण आतल्या तब्येतीची माहिती बऱ्याचदा दिसतच नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि तीन ओळी वाचा. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (हार्डडिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), क्रमांक १९७ म्हणजे वाचायला त्रास देणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर. सॉफ्टवेअर हे क्रमांक सोळाच्या पद्धतीने ०५ आणि सी५ असे दाखवतं. दोन्हींसमोर शून्य हवं. १९७ समोर एक जरी आकडा असेल तर मी ती हार्डडिस्क गेमसाठी वापरत नाही, कारण कॉम्प्युटर अशा सेक्टरवर थांबून पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, गेम मात्र जागीच गोठतो आणि माणूस दोष देतो कन्सोलला. तिसरी ओळ १९९, म्हणजे सी७. तिथे मोठा आकडा असेल तर तो हार्डडिस्कचा नव्हे, केबलचा किंवा जोडणीचा दोष असतो. केबल बदला आणि आकडा अजून वाढतोय का ते बघा.

मग कानाने तपासा. ही परीक्षा मला सॉफ्टवेअरइतकीच मोलाची वाटते. हार्डडिस्क टेबलावर आडवी ठेवा, पॉवर द्या. निरोगी हार्डडिस्क एकाच चढत्या सुरात वेग घेते, मग दोन-तीन हलके ‘टिक’ होतात आणि सूर स्थिर राहतो. सूर चढून मध्येच खाली येत असेल, ‘टक… टक… टक…’ असं ठरावीक अंतराने वाजत असेल, तर तिच्यावर आणखी वेळ घालवू नका. थंडीत आणखी एक काळजी घ्या. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून पहाटे दुचाकीवर हार्डडिस्क घेऊन येणारे लोक असतात. बर्फासारखी गार हार्डडिस्क उबदार खोलीत आणली की तिच्यावर दव धरतं. तासभर तशीच ठेवून द्या, मगच पॉवर.

आता जंपर. हार्डडिस्कच्या मागे, आयडीई आणि पॉवर यांच्यामध्ये छोट्या पिनांचा एक गट असतो, त्यावर प्लॅस्टिकची चिमुकली टोपी. ती ‘मास्टर’वर हवी. जुन्या कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या नंबरला जोडलेली हार्डडिस्क ‘स्लेव्ह’वर असते आणि कन्सोलला ती दिसतच नाही. सीगेटच्या लेबलवर मास्टरची जागा चित्रासकट दिलेली असते. वेस्टर्न डिजिटलचं थोडं वेगळं : तिथे ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसोबत मास्टर’ अशा दोन वेगळ्या जागा आहेत. तुमची हार्डडिस्क एकटीच असणार, म्हणून ‘एकटी’चीच जागा धरा, तिथे बहुतेकदा टोपी काढूनच टाकायची असते.

बसवताना घाई नको. अडॅप्टर टेबलावर ठेवा, हार्डडिस्क सपाट धरा आणि तिच्या मागच्या पिना डोळ्यांच्या रेषेत आणून एकदा उजेडात बघा. चाळीस पिनांपैकी विसावी जागा मुळातच रिकामी असते, ती तुटलेली समजू नका. पण एखादी पिन किंचित झुकलेली असेल तर ती सॉकेटात शिरण्याऐवजी दुमडून आडवी होते, आणि बाहेरून सगळं छान बसल्यासारखं दिसतं. झुकलेली पिन पक्कडीने सरळ करायला जाऊ नका, मोडते. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचं टोक कापा, रिकामी नळी पिनेवर अलगद चढवा आणि नळीच हळूच उभी करा. पिन बुडापासून सरळ होते, शेजारणीला धक्का लागत नाही.

अडॅप्टरची सॉकेटं आणि कन्सोलच्या पोकळीतला चपटा कनेक्टर, दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने पुसून घ्या. दहा-पंधरा पावसाळे खाल्लेल्या कनेक्टरवर पातळ थर चढलेला असतो; डोळ्यांना दिसेल न दिसेल, पण सिग्नलला तो पुरेसा आडवा येतो. पूर्ण वाळू द्या. मग हार्डडिस्कच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून सारख्या दाबाने अडॅप्टरमध्ये बसवा. एक बाजू आधी आणि दुसरी नंतर असं करू नका. काही जुन्या हार्डडिस्कवर पॉवरचं सॉकेट केसभर सरकलेलं असतं. मग आयडीई पूर्ण बसतं आणि पॉवर अर्धवट राहतं, नाहीतर उलट. मघाशी म्हटलेला अर्धा मिलिमीटर तो हाच. अशी हार्डडिस्क ठोकून बसवू नका, दुसरी शोधा. सगळं नीट बसलं की जोड पोकळीत सरकवा. शेवटी दोन-तीन मिलिमीटर थोडा जोर लागतो, तेव्हा कनेक्टर एकमेकांत जातात. मग दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे-थोडे करत आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळला की अडॅप्टर तिरका होतो आणि दुसऱ्या टोकाच्या पिना सुटतात.

बसवण्याचं काम एवढंच, दहा मिनिटांचं.

यापुढचं सगळं सॉफ्टवेअर. तुमच्या चिपचा इथे थेट उपयोग फारसा नाही. चिपचं काम कॉपी केलेली किंवा दुसऱ्या प्रदेशाची डिस्क चालवणं, आणि तुमचा लेझर डिस्कच वाचत नाही. हार्डडिस्कवरून गेम चालवायला फ्री मॅकबूट लागतं. ते मेमरी कार्डात बसतं आणि कन्सोल सुरू होतानाच स्वतःचा मेनू दाखवतं. त्या मेनूतून ओपन पीएसटू लोडर, म्हणजे ओपीएल, हे हार्डडिस्कवरचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर उघडायचं. कार्ड शक्यतो सोनीचं मूळ ८ एमबीचं घ्या. ६४ किंवा १२८ एमबी लिहिलेल्या साध्या कार्डांपैकी काही चालतात, काही दोन दिवसांत सगळं विसरतात. तुमचा लेझर गेलेला असल्याने कार्डात फ्री मॅकबूट भरायला दुसरा चालू कन्सोल लागेल. ओळखीत कुणाकडे असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी वाट म्हणजे फ्री एचडीबूट : तेच सॉफ्टवेअर थेट हार्डडिस्कवर, कार्डाविना. सोयीचं आहे, पण माझी पसंती कार्डालाच. उद्या हार्डडिस्क बिघडली तर कार्डामुळे मेनू तरी उघडतो आणि दोष कुठे आहे ते शोधता येतं. शिवाय काही चिपा सुरू होतानाच हार्डडिस्कच्या बूटमध्ये लुडबुड करतात. काळा पडदा आला तर चिप तात्पुरती बंद करून बघा. ती बंद करायची रीत चिपेगणिक वेगळी असते, बहुतेक ठिकाणी सुरू करताना कंट्रोलरचं किंवा कन्सोलचं एखादं बटण धरून ठेवावं लागतं.

पहिल्यांदा हार्डडिस्क फॉरमॅट करायची ती कन्सोलवरच. युलाँचईएलएफ हे फायली हाताळायचं सॉफ्टवेअर कन्सोलवर उघडा, फाइल ब्राउझरमधून ‘मिस्क’, तिथून ‘एचडीडी मॅनेजर’, तिथे आर-वन दाबून फॉरमॅट. प्लेस्टेशन-टूची मांडणी विंडोजला अजिबात कळत नाही. इथेच मी एकदा हात भाजून घेतला आहे. एका गिऱ्हाइकाची भरलेली हार्डडिस्क आणखी दोन गेम टाकायला मी कॉम्प्युटरला जोडली. विंडोजने विचारलं, ‘ही डिस्क इनिशिअलाइज करायची का?’ रोजच्या सवयीने मी ‘ओके’ दाबलं. त्या एका दाबाने विंडोजने हार्डडिस्कच्या सुरुवातीला स्वतःची नोंद लिहिली आणि कन्सोलच्या लेखी सगळी हार्डडिस्क रिकामी झाली. पार्लर चालवणारा मुलगा होता तो, दुसऱ्या दिवशी रविवार. त्याच्या डिस्का मागवून रात्रभर बसून मी सगळं पुन्हा भरलं. तेव्हापासून त्या खिडकीवर हात जाण्याआधी मी माउसवरून हात काढतो. तुम्हीही तिथे ‘कॅन्सल’च करा.

गेम भरायचे ते कॉम्प्युटरवरून. तुमच्या कन्सोलचा लेझर गेला तरी डिस्का वाया गेलेल्या नाहीत. कॉम्प्युटरचा साधा डीव्हीडी रायटर प्लेस्टेशन-टूच्या डिस्का वाचतो. पाठीमागून चंदेरी असेल ती डीव्हीडी, निळी असेल ती सीडी. इमगबर्नने डीव्हीडीची आयएसओ फाइल होते, सीडीची बहुधा बिन आणि क्यू अशी जोडी. मग हार्डडिस्क कॉम्प्युटरला जोडून एचडीएल डंपने त्या थेट तिच्यावर टाकायच्या. एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, म्हणजे ८० जीबीच्या हार्डडिस्कवर सतरा पूर्ण भरलेल्या डिस्का जातील. प्रत्यक्षात बरेच गेम दीड-दोन जीबीचेच असतात, त्यामुळे तीसएक आरामात बसतात. भावाकडे त्याहून जास्त डिस्का असतील असं मला वाटत नाही.

प्रती स्वतःच्या डिस्कांच्याच काढा. ‘गेम भरून’ विकल्या जाणाऱ्या हार्डडिस्क घेऊ नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ कायदेशीर मालकाला प्रोग्रॅमची राखीव प्रत ठेवू देतं ती मूळ प्रत हरवली, बिघडली तर उपयोगी पडावी म्हणून. विकत घेतलेला चोरीचा ढीग त्यात बसत नाही. आणि तांत्रिकदृष्ट्याही त्या हार्डडिस्क भयंकर असतात, मी सांगितलेल्या तपासणीत त्या फार कमी वेळा टिकतात.

लोक विचारतात, पेनड्राइव्ह का नाही चालत? चालतो, पण कन्सोलचे यूएसबी पोर्ट १.१ जातीचे आहेत, सेकंदाला १२ मेगाबिटचे. प्रत्यक्षात सेकंदाला एक एमबीच्या आसपास. याच कन्सोलचा डीव्हीडी लेझर सेकंदाला पाच एमबीच्या वर वाचायचा. म्हणून पेनड्राइव्हवरून गेममधले व्हिडिओ अडखळतात, आवाज तुटतो. हार्डडिस्कला ही अडचण नाही. उलट डिस्कपेक्षा गेम लवकर लोड होतात, आणि लेझरची घरघर गेल्याने खोली एकदम शांत वाटते.

क्षमतेबद्दल एक खुलासा, कारण पुढेमागे तुम्हाला मोठी हार्डडिस्क घ्यावीशी वाटेल. सोनीचं मूळ सॉफ्टवेअर सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहायचं. दोनाचा अठ्ठाविसावा घात गुणिले ५१२ बाइट, म्हणजे सुमारे १३७ जीबी. त्यापुढचं त्याला दिसत नाही. ओपीएल ४८ बिटांचा पत्ता वापरतं आणि २ टीबीपर्यंत चालतं. पण इंटरनेटवर अजून फिरणारी काही फार जुनी साधनं १३७ च्या पुढे गेल्यावर पुन्हा शून्यापासून लिहायला लागतात आणि सुरुवातीचे गेम पुसतात. मोठ्या हार्डडिस्कला नेहमी अलीकडचीच साधनं वापरा.

आणि मोठी घ्यायचीच असेल तर साडेतीन इंचीच्या मागे लागू नका. अडॅप्टरमधला बोर्ड साटाचा करून घ्या आणि अडीच इंची एसएसडी लावा. साडेतीन इंची हार्डडिस्कला फिरायला १२ व्होल्ट लागतात, आणि सुरू होताना पहिले काही सेकंद ती लेबलवरच्या आकड्याच्या कितीतरी पट करंट ओढते. वीस वर्षांच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर थकलेले असतील तर नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज खाली बसतं. हार्डडिस्क वेग घेता घेता थांबते, पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा थांबते. तीच हार्डडिस्क कॉम्प्युटरवर बिनतक्रार चालत असेल तर समजा की सप्लायला हात लावायची वेळ आली. तो मात्र जाणकाराकडेच द्या, कारण आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो. एसएसडी फक्त ५ व्होल्टवर चालते, तापत नाही आणि सप्लायवर तिचा भार जवळपास नाहीच. ती पोकळीत लोंबकळती ठेवू नका, अडीच ते साडेतीन इंची ब्रॅकेटमध्ये बसवा. साटाच्या बोर्डावर एखादा गेम मध्येच गोठायला लागला तर ओपीएलमध्ये त्या गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएमएचा, म्हणजे हार्डडिस्ककडून माहिती येण्याचा, वेग एक-दोन पायऱ्या खाली आणून बघा. दहातल्या सात-आठ वेळा तेवढ्यानेच भागतं. तरी गोठला तर ‘अ‍ॅक्युरेट रीड्स’ चालू करा.

रोजच्या वापरात दोन गोष्टी पाळा. साधी हार्डडिस्क असेल तर कन्सोल चालू असताना आडव्याचा उभा करू नका; मुलं हे हमखास करतात, म्हणून पहिल्याच दिवशी मुलाला नीट समजावून सांगा की आत एक ताटली मिनिटाला हजारो फेरे घेते आहे. आणि बंद करताना थेट भिंतीवरचं बटण दाबू नका. आधी पुढचं बटण दाबून धरा, दिवा लाल झाला की मग मागचा स्विच. भारनियमनाच्या वर्षांत नाशिकच्या गेम पार्लरांतल्या कितीतरी हार्डडिस्क मी अशाच गेलेल्या पाहिल्या. गेम सेव्ह होत असताना लाइट गेली आणि मांडणी फाटली. आता लाइट इतकी जात नाही, तरी वळवाच्या पावसात भरवसा नको. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस घरात असेल तर कन्सोल त्याच्यावर लावा.

शेवटची गोष्ट खरं तर सगळ्यात आधी करायची आहे. भावाचं जुनं मेमरी कार्ड सापडलं असेल तर फ्री मॅकबूट त्याच्यावर टाकू नका, त्यासाठी दुसरं कार्ड घ्या. भावाचं कार्ड दुसऱ्या खाचेत लावा, एक एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह पुढच्या यूएसबी पोर्टला जोडा, आणि युलाँचईएलएफमध्ये ‘एमसी१’ (म्हणजे दुसरी खाच) मधली सगळी फोल्डरं निवडून ‘मास’ (म्हणजे पेनड्राइव्ह) मध्ये कॉपी करा. आठ एमबीच काय ते, यूएसबी १.१ वरही पटकन होतं. तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. ओपीएलवरून गेम चालवलात तरी सेव्ह कार्डातलेच वाचले जातात. म्हणजे सतरा-अठरा वर्षांपूर्वी भावाने जिथे सोडलं होतं, तिथूनच मुलाला पुढे खेळता येईल.